नव्या ट्रकाचं पासिंग, माझा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. युसूफ वडगाव नावाच्या गावात अभिमन्यूच्या दारात राहतो. माझा रंग लाल होता म्हणतात. आता मलाही खात्री नाही. दर दिवाळीनंतर ऊसतोडीला निघताना माझ्या ट्रॉलीत सगळा संसार चढायचा. पत्र्याची पेटी, भांडी, कोंबड्या, आणि वर अभिमन्यूची बायको रोहिणी नि त्यांची लेक विजयमाला. एवढं घरदार मी ओढतो, या विचाराने माझी छाती फुगायची.

यंदा दसऱ्याच्या सुमारास तो आला. नवा ट्रक! ऊसतोड सोडून मालवाहतुकीचा धंदा करायचा म्हणून घेतलेला. बीडला त्याची बॉडी बांधली, चमकत्या पट्ट्या लावल्या आणि दारावर ऐटीत लिहिलं, ‘मालक: रोहिणी’. माझी कागदपत्रं अजून अभिमन्यूच्या वारलेल्या वडलांच्या नावावर आहेत. घरात दिवसभर त्याचाच विमा नि त्याचंच परमिट. माझं तेल गळत होतं, तिकडं कोण बघतो?

त्याला बॉडीवाल्याकडून थेट अंबाजोगाईच्या आरटीओत पासिंगला न्यायचं होतं. पण अभिमन्यूची आई केशरबाई अडून बसली. “आदी घरी आणा. मी ववाळल्याबिगर सायबाला दावायचा न्हाई.”

आणला. माझ्या लिंबाखाली त्याला उभा केला आणि मला उकिरड्याकडं सारलं! त्याच संध्याकाळी परतीचा पाऊस कोसळला.

सकाळी तो पासिंगला निघाला आणि पांदीच्या कच्च्या वाटेवर काळ्या चिखलात रुतून बसला. मला कोण आनंद झाला! त्याच्या तात्पुरत्या नंबराची मुदत त्याच दिवशी संपत होती. पासिंग हुकलं की परमिट लांबणार, ठरलेलं काम हातचं जाणार. मग पुन्हा ऊसतोड आणि पुन्हा माझीच ट्रॉली. अभिमन्यूने त्याला साखळीने माझ्यामागे बांधलं आणि माझी किल्ली फिरवली. मी मुद्दाम खोकलो आणि बंद पडलो. पुन्हा फिरवली, पुन्हा बंद.

“कावून रुसलाय ह्यो?” म्हणत रोहिणीने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. मग ती अभिमन्यूकडे वळली. “मला त्या ट्रॉलीत पुन्यांदा न्हाई बसायचं. दर साली पोरीची शाळा बुडती. समदी वाट लई रडती ती. तुमाला पुढं ऐकू येत न्हाई.”

मलाही कधी ऐकू आलं नव्हतं. माझाच आवाज एवढा मोठा होता.

पुढच्या किल्लीला मी सुरू झालो. जीव खाऊन त्याला डांबरीवर ओढून काढलं. चिखल सगळा माझ्या अंगावर उडाला, हार त्याच्या गळ्यात राहिला. पासिंग झालं.

मित्रांनो, मी अजूनही त्याच्यावर जळतो. तुमच्या दारात माझ्यासारखं कुणी जुनं उभं असेल, तर त्याचं तेलपाणी बघत जा, उकिरड्याकडं सारू नका. दिवाळी झाली. गावातल्या ट्रॉल्या भरून गेल्या, माझी रिकामी आहे. रोज सकाळी विजयमाला दप्तर घेऊन माझ्यासमोरून शाळेत पळते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. पळू दे.