चालती गाडी

त्या रविवारी बाबा बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकले होते आणि मी शेजारी टॉर्च धरून उभी होते. टॉर्चची काही गरज नव्हती, ऊन लख्ख पडलं होतं. पण बाबा गाडीशी झटायला लागले की टॉर्च मी धरायची, हे माझ्या लहानपणापासून ठरलेलं होतं.

"कार्बोरेटरच," ते आतून म्हणाले. "दुसरं काही असूच शकत नाही."

वर्षभर गाडी मिसिंग मारत होती. इंजिन नीट धडधडत असायचं आणि मध्येच एखादा ठोका गिळायचं. चढावर धाप लागायची, आणि दिवे लावले की गाडी मान टाकायची. बाबांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरी नवी घातली. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे जायचे, मग पहिले पाढे पंचावन्न.

पायरीवर आत्या शब्दकोडं सोडवत बसली होती. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती मागच्याच गल्लीत राहते आणि तोंड उघडलं की कुणाची भीडभाड ठेवत नाही.

"दादा, ब्रश कशाला घेतलायस आत?"

"ओरखडा दिसला."

बाबा आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात रंग जुळवत आले. गिऱ्हाईक एखादी चिंधी किंवा फरशीचा तुकडा घेऊन येई आणि बाबा हुबेहूब तोच रंग डब्यात उतरवून देत. निवृत्त झाल्यावर जुळवायला घरच उरलं. टपालपेटी, मीटरची खोकी, स्टुलाचे पाय, बादलीची कडी, सगळ्यांवर हात फिरला. गाडीचा मूळ फिकट निळा रंग बाजारातून कधीच गेला होता, तोही त्यांनी घरी बनवला. आदल्या वर्षी तर बॉनेटखालचा एकेक बोल्ट सोडवून त्यांनी आतली सगळी बाजू त्या निळ्याने रंगवली होती. इंजिनाची खोली दिवाणखान्यासारखी दिसायची.

"जे हलत नाही त्याला हा रंग लावतो," आत्या मला म्हणाली. "तू एका जागी बसायची नाहीस म्हणून वाचलीस, ठमे."

"आणि तू कशी वाचलीस?" बाबांनी आतून विचारलं.

"मी चावले होते. विसरलास?"

बाबा इतके हसले की डोकं बॉनेटला आपटलं. मग त्यांनी ब्रश पुसला, बॉनेट खाली घेतलं आणि म्हणाले, "उद्या कार्बोरेटर सोडवू. तू लवकर उठ."

मी लवकर उठले. बाबा उठले नाहीत.

त्यानंतर गाडी अंगणात उभी राहिली. माणसं आली, गेली. टायर बसले, काचेवर पानं साचली. मी अधूनमधून बॅटरी चार्ज करायची, का ते मलाही सांगता आलं नसतं. आई त्या बाजूची खिडकी उघडेनाशी झाली, आणि एका संध्याकाळी तिने सांगून टाकलं, "मी भंगारवाल्याला बोलावलंय. शनिवारी दुपारी येईल."

"आई, असं एकदम?"

"एकदम कुठे. रोज सकाळी ती गाडी दिसते आणि वाटतं, हे आत वाकलेत, आत्ता डोकं वर काढतील." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. ती टेबलावरचे कप उचलत होती. "चालती गाडी मी ठेवीन. उभी गाडी मला नको."

"आणि मी चालू केली तर?"

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. "टाकीचा चढ चढली तर ठेव. चढावर बंद पडणाऱ्या गाडीत मी बसणार नाही. ह्यांनी मला तिथे पुरेसं ढकलायला लावलंय."

आमच्या घरापासून रस्ता थेट पाण्याच्या टाकीकडे चढत जातो. शेवटचा टप्पा असा की सायकलवालेही खाली उतरतात. बाबांच्या शेवटच्या वर्षात गाडी तो चढ एकदाही पूर्ण चढली नव्हती.

शनिवारी सकाळी मी टायरांत हवा भरली, साचलेलं पेट्रोल काढून ताजं घातलं आणि बॉनेट उघडलं. आत्या न बोलावता आली आणि ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसली.

"तुला काय करायचंय इथे?" मी म्हटलं.

"किल्ली फिरवायला माणूस नको? का टॉर्च फिरवणार आहे?"

मी एवढंच ठरवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं. बाबांची रीत वेगळी होती. ते एका बैठकीत तीन गोष्टी बदलायचे, आणि मग कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं याचा पत्ता लागायचा नाही. पण आमच्याकडे त्यांना "चुकलं" असं कुणी म्हणत नसे. ते चिडत नसत, चिडले असते तर परवडलं असतं. ते फक्त गप्प होत आणि मागच्या नळावर जाऊन स्वच्छ ब्रश पुन्हा धूत बसत. ती पाठ बघवायची नाही. म्हणून सगळे "हो बाबा" म्हणत. फक्त आत्या म्हणत नसे.

"मार सेल्फ," मी म्हटलं.

इंजिन आळोखेपिळोखे देत फिरलं. घर्र, घर्र, घर्र. चोक ओढून चौथ्या खेपेला एकदाचं सुरू झालं आणि लगेच ठोके गिळायला लागलं. मी हातमोजा चढवून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. एखादाच सिलिंडर मेलेला असेल तर त्याची वायर काढल्यावर काही फरक पडायला नको. इथे चारही वायरींना सारखाच फरक पडत होता. म्हणजे दोष कुणा एकाचा नव्हता, चौघं मिळून लंगडत होते.

"आत्या, दिवे लाव."

दिवे लागले आणि इंजिन गुदमरलं.

"वायपर."

वायपर अर्ध्या काचेवर थबकला. इंजिनाने एक उचकी दिली.

"हॉर्न."

हॉर्न वाजला नाही, खोकला. दिवे पिवळे पडले आणि गाडी बंद झाली.

"दादाच्या गाडीला माझा संधिवात झालाय," आत्या म्हणाली. "एक सांधा हलवला की दुसरा दुखतो."

मी हसले, पण तिचं बोलणं मनात अडकून राहिलं. कार्बोरेटर पेट्रोल आणि हवेचं काम बघतो. हॉर्न दाबल्याने त्याला काय होणार? रोग विजेचाच होता. मी मल्टिमीटर आणला. बॅटरी ठणठणीत होती. कॉइलपर्यंतच्या वायरी तपासल्या, फ्यूज काढून घासले, डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडून पुसलं. मग आत्याला सेल्फ मारायला सांगितलं. पुन्हा तेच, घर्र, घर्र.

फाटकापाशी टेम्पो थांबला. भंगारवाला वेळेआधीच आला होता. खांद्यावर जाड दोरखंड, चेहरा हसरा.

"घाई नाही ताई," तो म्हणाला. "तुमचं चालू द्या. मी सावलीत बसतो."

"बसा," आत्या ओरडली. "दोरी मात्र खाली ठेवा. ती बघून गाडी घाबरेल."

आई दारात आली, त्याला पाणी दिलं आणि आत गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

"आणखी एकदा," मी आत्याला म्हटलं. "चोक ओढ आणि सोडू नकोस. लांब मार सेल्फ."

इंजिन कण्हत फिरलं आणि आतून किंचाळी आली.

"आई गं! चटका बसला!"

"कशाचा?"

"चोकचा! तापलाय मेला! इस्त्रीसारखा!"

मी धावत गेले. आत्या बोटं फुंकत होती. मी चोकच्या मुठीला हात लावला आणि झटकन काढला. मूठ खरंच तापली होती. चोक म्हणजे काय, तर एक मूठ आणि तिला बांधलेली लोखंडी तार. ती तार आत इंजिनापर्यंत जाते आणि एक झडप ओढते. विजेशी तिचं काही देणंघेणं नाही. मग ती तापली का?

मी तशीच गाडीच्या दारात उभी राहिले.

बॅटरीतून वीज निघते तशी तिला परतही यावं लागतं, नाहीतर ती निघतच नाही. गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीचं अंग, तिचा पत्रा. पण इंजिन रबरावर बसवलेलं असतं, पत्र्याला नीट टेकत नाही. म्हणून इंजिन आणि पत्रा यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. ती पट्टी काम करत नसेल, तर सेल्फची एवढी वीज मिळेल त्या चोरवाटेने परतणार. चोकच्या तारेतून. बिचारी तार तापणारच. आणि वीज बनवणाऱ्या, इंजिनालाच टेकलेल्या अल्टरनेटरलाही तीच अडचण. दिवे लावा, वायपर लावा, मागणी वाढली की विजेची ओढाताण, आणि प्लगच्या वाट्याला उरलंसुरलं.

"काय गं, बोल की," आत्या म्हणाली. "भाजलं मला आणि थिजलीस तू."

"आत्या, तू देवमाणूस आहेस."

"ते माहितेय. पुढे?"

मी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या उणे खुंटीला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. परतीची वाट हाताने बांधून दिली. "मार," मी म्हटलं.

आत्याने किल्ली फिरवली आणि इंजिन भर्रकन उठलं. घर्र नाही, कण्हणं नाही. भंगारवाला सावलीतून उभा राहिला.

"दिवे! वायपर! हॉर्न!"

हॉर्न असा वाजला की समोरच्या घरातली खिडकी उघडली. वायपर सपासप फिरत होते. इंजिनाने एक ठोकाही गिळला नाही.

पण केबल लावून गाडी चालवता येत नाही. मी आत्याला गाडी बंद करायला सांगितलं आणि खाली वाकले. इंजिनामागे ती पट्टी होती. सकाळपासून तीनदा नजर तिच्यावरून गेली होती आणि तीनदा मी तिला सोडून दिलं होतं, कारण साऱ्या इंजिनात तिच्याइतकी नीटनेटकी वस्तू दुसरी नव्हती. पाना लावला. बोल्ट सुटला. पट्टीचं टोक उचललं आणि खाली पाहिलं.

फिकट निळा. पत्र्यावर दोन हात, गुळगुळीत, कुठे ओघळ नाही. वॉशर दोन्ही बाजूंनी रंगवलेला. बोल्टच्या आट्यांतही निळा. रंगातून वीज जात नाही. दुसऱ्या कुणी वरवर ब्रश फिरवून सोडलं असतं आणि गाडी मजेत चालली असती. बोल्टखालची, कुणाला कधीच न दिसणारी जागा सोडवून रंगवायला माझे बाबाच हवेत. सुरुवातीला बोल्टच्या दाबाने थोडीफार वीज जात असेल, मग तेवढीही राहिली नाही.

मी पॉलिशपेपर हातात घेतला आणि तशीच बसून राहिले. एवढा सुरेख हात होता.

आत्या गाडीतून उतरून माझ्यामागे आली. तिने वाकून तो निळा चौकोन पाहिला. तिला सगळं समजलं असावं, कारण तिने त्या गुळगुळीत रंगावरून एकदा बोट फिरवलं.

"खरवड," ती मग म्हणाली. "दादाला मी सांगते."

मी खरवडलं. निळी भुकटी बोटांवर, नखांत, फरशीवर. खालून पत्रा निघाला, चकचकीत पांढरा. वॉशर घासला, आटे घासले, पट्टीची टोकं घासली. बोल्ट आवळला. जंपर केबल काढून बाजूला ठेवली आणि ड्रायव्हरच्या जागी मी बसले.

पहिल्या झटक्यात सुरू झाली.

आवाज ऐकून आई बाहेर आली. ती पायरीवर थोडा वेळ कान देऊन उभी राहिली. भंगारवाल्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोरखंड गुंडाळून परत खांद्यावर घेतला.

"थांबा हो," आई त्याला म्हणाली. "अजून चढ बाकी आहे."

"बघतो ना ताई. मलाही बघायचंय."

आईने चपला घातल्या आणि मागचं दार उघडून बसली. पदर सावरला. "दिवे लाव," ती म्हणाली. "वायपर पण लाव. नुसती चढली म्हणजे झालं नाही."

"ऊन पडलंय वहिनी," आत्या म्हणाली.

"मला माहितेय ऊन पडलंय."

भर दुपारी दिवे लावून, कोरड्या काचेवर वायपर खरडत आम्ही निघालो. सपाट रस्ता संपला, चढ लागला. दरवेळी गाडी जिथे उचकी द्यायची ते वळण आलं तशी आईने माझ्या सीटची पाठ घट्ट धरली. मी गिअर खाली घेतला. इंजिनाचा आवाज जाड झाला, पण ठोक्याला ठोका लागून येत होता, एकही कमी नाही. एक सायकलवाला हातात सायकल धरून चालला होता. त्याला आम्ही मागे टाकलं.

"ओव्हरटेक केलं बरं का!" आत्या ओरडली. "चालत्या माणसाला, पण केलं!" आणि तिने हात लांब करून हॉर्न दाबला. दिवे हलले नाहीत. तिने पुन्हा दाबला. मग टाकीपर्यंत दाबूनच धरला.

वर सपाटी आली. मी गाडी थांबवली, पण इंजिन चालू ठेवलं. आरशात आई दिसत होती. तिने सीटची पाठ सोडली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, दोन्ही एकदमच.

"ठेव," ती म्हणाली. "आता माझ्या नजरेसमोर उभी ठेवू नकोस, एवढंच. फिरव रोज."

मी स्टिअरिंगवरचे हात पाहत होते. नखांत सगळा निळा होता. इंजिन शांत, एकसारखं चालत होतं, आणि मला जाणवलं की सकाळपासून मनातल्या मनात मी ज्यांच्याशी बोलत होते, त्यांना ऐकू जाईल असा एकही शब्द मी बोलले नव्हते.

"बाबा," मी म्हटलं. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हटलं, मोठ्याने, खिडकीबाहेर जाईल असं. "बाबा, चुकलं तुमचं! कार्बोरेटर नव्हताच. तुमचा रंग होता. आणि ते मी शोधलं, बाबा, मी!"