येसूबाईच्या टोपलीतली शिंपली

मी एक जुनी बांबूची टोपली आहे, मित्रांनो. मासळीचा वास येत असेल तर थोडे लांब बसा, मला राग येत नाही. डोंगराकडच्या नवसी नावाच्या बाईने मला विणले. पुढे वीस वर्षे मी सातपाटीच्या येसूबाईच्या डोक्यावर बसून दारोदार डुलत हिंडले. निम्मे आयुष्य पेंगण्यातच गेले.

चौऱ्याऐंशी साली येसूबाईचा धाकटा भाऊ महादू सात वर्षांचा तुरुंग भोगून घरी आला. जाळ्यावरून झालेल्या भांडणात त्याने एकाला वल्ह्याने मारून कायमचे लंगडे केले होते. पावसाळा सरत आला होता. होड्या निघायच्या आत महादूला एखादीवर खलाशाची जागा मिळायला हवी होती, नाहीतर वर्ष हातचे जाणार होते. पण त्याला कोणी घेईना.

तेव्हा पालघरच्या एका संस्थेतल्या पुष्पलताबाईंनी ठरवले, की सुटून आलेल्या माणसाची वाट कुठे अडते ते गावानेच शोधावे. विचारपूस येसूबाईकडे आली, कारण मासळीवालीशी दारात सगळेच बोलतात. तिला लिहिता येत नव्हते. म्हणून ज्या घराची महादूला हरकत नसेल त्याचे पांढरे शिंपले, असेल त्याचे काळे, अशी रीत ठरली. सुक्या बोंबलांखाली संशोधन घेऊन मी निघाले.

"माझी ना नाय," होडीवाला पुंडलिक म्हणाला, "पन खलाशी ऐकायचे नाय."

खलाशी म्हणाले, "आमचं काय, मालकाला इचार."

बायकांनी पुरुषांचे नाव सांगितले, पुरुषांनी बायकांचे. चाळीस घरे झाली, चाळीस पांढरी शिंपली. इतके उदार गाव मी स्वप्नातही पाहिले नव्हते.

घरी महादू शिंपल्यांकडे बघत बसला. "कोन 'नाय' बोलतच नाय, बाय. बोलले असते, तर मी 'का म्हनून' इचारलं असतं." मग हळूच म्हणाला, "तांदळाच्या डब्यात तुझा कोयता गंजेल."

येसूबाईची मान खाली गेली. तो आल्या दिवसापासून तिने कोयता तिथे लपवला होता.

दुसऱ्या दिवशी मच्छीमार सोसायटीच्या अंगणात बैठक भरली. पुष्पलताबाईंनी विचारले, "एकही काळं नाही?"

येसूबाईने कनवटीतून एक काळे शिंपले काढून माझ्यात टाकले. "ह्यं माझ्या घरचं. भाऊ हाय माझा, पन मी त्याला भिते."

मग पुंडलिक उठला. "माझंबी काळंच."

"का म्हनून, दादा?" महादूने विचारले.

"खोल पान्यात तुला राग आला तर मी पळू कुठं?"

महादूने नीट विचार केला. "मीबी कुठं पळनार? होडी एकच."

कोणीतरी हसले. पुंडलिक डोके खाजवत म्हणाला, "पयली फेरी माझ्या नजरेसमोर बस. दुसरीचं मंग बघू."

त्या दुपारी माझ्यात एकोणीस काळी शिंपली पडली, आणि पुष्पलताबाई भलत्याच खूश दिसत होत्या. नारळी पुनवेनंतर महादू होडीवर गेला. दुसऱ्या फेरीलाही गेला.

मित्रांनो, आता मी माळ्यावर आहे, बूड गेले आहे. मला सांभाळा असे म्हणायला हवे, पण टोपली नवी विणता येते. तुमच्या आळीत असा कोणी परत आला, तर "आमची हरकत नाही, लोकांची आहे" असे सांगू नका. हरकत असेल तर आपल्याच नावाने सांगा, म्हणजे त्याला उत्तर देता येईल. ज्यांच्या नावावर हरकत ढकलतात, ते 'लोक' कुठे राहतात ते कोणालाच ठाऊक नाही. मी चाळीस घरे हिंडून पाहिले आहे.