दारावारी यादी

दयानंद आज लातुरात एका क्लासच्या हापिसात बसतो. दर रविवारच्या टेस्टनंतर हजारभर पोरांचे मार्क उतरत्या क्रमानं लावायचे, बॅचेस पाडायच्या, हे त्याचं काम. नवा ऑपरेटर आला की पहिल्याच दिवशी त्याला खडसावतो, "आधी अनुक्रमांकाचा रकाना टाक. मग काय वर-खाली करायचं ते कर." लोक म्हणतात, माणूस लई काटेकोर. कसला काटेकोर! पोळलाय तो.

त्र्याण्णवच्या भूकंपाला वर्ष होऊन गेलं होतं. गाव पत्र्याच्या शेडात, आणि एक संस्था वरच्या माळावर नवं गाव बांधत होती. दयानंद तिथं कॉम्प्युटरवर, कच्च्या नोकरीत. शेषेराव गुरुजींनी पडक्या गावात फिरून वहीत दारावारी यादी केली होती, कुणाच्या भिंतीला कुणाची भिंत ते बघून. तीनशे बारा घरं. त्याच क्रमानं नवी घरं द्यायची ठरली होती. दयानंदानं यादी टाइप केली, पण क्रमांक टाकले नाहीत. ओळी आहेतच की एकाखाली एक! मग संस्थेच्या साहेबांना नाव झटकन सापडावं म्हणून सगळी यादी अक्षरावारी लावली, तशीच सेव्ह केली, तशीच छापली. त्याच कागदावरून घरांना नंबर पडले, आणि जुने शेजार विस्कटले.

चूक त्याला चौथ्या दिवशी कळली. गुरुजींची वही कपाटातच होती. दोन दिवस बसून परत टाइप केलं असतं तर भागलं असतं. पण साहेबांना सांगायचं कोणत्या तोंडानं? नोकरी पक्की व्हायची होती. तो गप्प बसला.

मग शिवकांताबाई आली. भूकंपात तिचा पाय खुब्यातून मोडलेला. कुणाच्या तरी बैलगाडीत बसून आली, काठी टेकत टेबलापाशी पोचली.

"बाबा, मला खातूनबीच्या शेजारी घर दे. तिला डोळ्यानं दिसत न्हाई, मला चालता येत न्हाई. चाळीस वर्सं एका भिंतीला राहिलो आमी. तिचं घर पार त्या टोकाला गेलंय की रं."

"मावशी, कॉम्प्युटरनं काढलंय. माझ्या हातात काही न्हाई."

साफ खोटं! म्हातारी त्या मशीनकडं बघत जरा वेळ उभी राहिली आणि गेली. आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा तेच उत्तर.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, लोक राहायला जाऊन आठ-नऊ महिने झाल्यावर, संस्थेनं त्याला यादी दुरुस्त करायला नव्या गावात धाडलं. शिवकांताबाईच्या नावापुढं त्यानं 'मयत' लिहिलं. दिवसभर तो खातूनबीचं घर टाळत राहिला. शेवटी गेलाच.

ती उंबऱ्यात बसून बोटांनी चाचपत डाळीतले खडे काढत होती.

"चाची, मी संस्थेचा दयानंद. शिवकांताबाई गेल्या..."

"तिचं नाव नको काढू," खातूनबी म्हणाली. "नवं घर मिळालं अन् फिरली ती. लांबचं घर तिनंच मागून घेतलं. निरोप धाडायची, मशीननं केलं म्हने! मशीनचं अन् आमचं काय वैर? आंधळीचा कंटाळा आला म्हणून सरळ सांगायचं."

दयानंदाला राहवेना. त्यानं सगळं सांगून टाकलं: वही, चूक, नोकरीची भीती, शिवकांताबाईच्या तीन खेपा.

डाळीतली बोटं थांबली. "तीनदा आली होती? तसल्या पायानं?"

"हाव, चाची. तुमच्याच शेजारी घर मागत होत्या."

खातूनबीनं डाळ बाजूला सारली.

"तिच्या मातीच्या दिवशी लोक मला न्यायला आले होते," ती म्हणाली. "शेवटचा हात लाव म्हणले. म्या गेले न्हाई, बाबा. रागानं दार लावून बसले."

दयानंद तिच्या पायाला हात लावायला वाकला. तिनं पाय आखडून घेतले.