चौकातला ओटा

दोघी बहिणींची घरं एकाच चौकात, अगदी समोरासमोर होती. थोरली या बाजूला, मुलाच्या फरश्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायची. धाकटी त्या बाजूला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, एकटीच. मध्ये फक्त रस्ता. एके काळी थोरली गॅसवर भाजी टाकून धाकटीकडे डोकावून यायची आणि भाजी करपायची नाही, एवढंच काय ते अंतर.

मग रस्ता रुंद झाला. शहराबाहेरून येणाऱ्या गाड्यांना हा जवळचा मार्ग सापडला. चौकाचे कोपरे गोल, ऐसपैस करून ठेवलेले, त्यामुळे वळताना कुणाला ब्रेकला पाय लावायची गरजच वाटेना. अशाच एका वळणाऱ्या स्कूटरच्या हँडलमध्ये थोरलीच्या पिशवीचा बंद अडकला आणि ती रस्त्यावर आडवी झाली. मनगट मोडलं. मनगट पुढे सांधलं, धीर काही सांधला नाही. तिनं जिना उतरणंच सोडलं. धाकटीचे गुडघे गेलेले, तिला तो जिना चढवत नव्हता. मग राहिला फोन. दोघी फोनवर बोलत असताना खाली कुणी हॉर्न वाजवला, की प्रत्येकीला तो दोनदा ऐकू यायचा, एकदा खिडकीतून आणि एकदा फोनमधून.

थोरलीची सून शहराच्या वाहतूक विभागात इंजिनिअर होती. चौक सुधारायचं काम तिच्याच टेबलावर आलं. सासूसाठी नव्हे, शहरातल्या वाईट चौकांत त्याचा नंबर वर होता म्हणून. तिनं साहेबांना सांगून पाहिलं, माझं घर तिथंच आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. साहेब हसले. म्हणाले, घरचं कार्य आहे म्हटल्यावर वेळेत तरी होईल.

तिनं आराखडा केला. कोपरे पुढे आणायचे, म्हणजे वळण आवळलं जाईल आणि गाडीला वेग कमी करावाच लागेल. जिथून माणसं ओलांडतात तिथं रस्ता फुटपाथच्या उंचीइतका वर उचलायचा. आणि रस्त्याच्या मधोमध एक लहानसा ओटा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला अर्धा रस्ता ओलांडून दम घेता येईल, मग उरलेला अर्धा. आधी सगळं रंगाच्या पट्ट्यांनी, प्लास्टिकच्या खांबांनी आणि तात्पुरत्या ठोकळ्यांनी करून बघायचं. जमलं तर पक्कं बांधायचं.

अडचण एकच होती. पुढे येणारा कोपरा नेमका दुकानासमोरचा होता आणि फरश्यांचा टेम्पो तिथंच उभा राहायचा. फरशीच्या पेट्या म्हणजे दगडच. दारापासून चार पावलं लांब उतरवल्या तरी हमालांच्या कपाळाला आठ्या पडत. सुनेनं एकदा भांडी विसळता विसळता नवऱ्याला हे सांगितलं. तो "बघू" म्हणाला. त्या घरात "बघू"चा अर्थ "नाही" असा होता, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

लोकांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या सभागृहात बैठक ठेवली. चौकातले झाडून सगळे दुकानदार आले. सुनेनं भिंतीवर चित्रं दाखवली, समजावून सांगितलं. शेवटी मागच्या रांगेतून तिचा नवरा उभा राहिला. व्यापाऱ्यांनी त्यालाच बोलायला पुढे केलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "आपण कधी फरशीची पेटी उचलून पाहिली आहे का?"

सभागृहात खसखस पिकली. दोघं कोण हे सगळ्यांना माहीत होतं.

"उचलली आहे," सून म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तेव्हा आपल्या दुकानात माणूस नव्हता."

हसू जिथल्या तिथं विरलं. तो खाली बसला, पण विरोध काही मागे घेतला नाही. त्या दिवशी घरी थोरलीनं दोघांना वाढलं आणि स्वतः मध्ये बसली. कुणाची बाजू घ्यावी हे तिला कळेना. मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं आणि सुनेचंही नव्हतं. जेवताना कुणी मीठसुद्धा मागितलं नाही.

तरी चाचणीचं काम सुरू झालं. पट्टे ओढले, खांब बसवले, मधला ओटा मांडला. थोरली खिडकीतून बघत राहायची. गाड्या वळताना खरंच मंदावत होत्या. शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया ओट्यावर थांबत आणि पुढे जात. सून म्हणाली, आई, रविवारी मी तुम्हाला घेऊन जाते. पण रविवारपर्यंत कोण थांबतो? एका सकाळी सून ऑफिसला गेल्यावर थोरलीनं चपला घातल्या, कठड्याला धरून जिना उतरली आणि कुणालाही न सांगता रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

नेमका त्याच वेळी टेम्पो आला होता. दोन खांब वाकवून ड्रायव्हरनं तो रंगवलेल्या कोपऱ्यात घुसवला होता. मुलानं ते पाहिलं होतं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. पाच मिनिटांचंच तर काम, असं म्हणून तो आत पेट्या मोजून घेत होता. थोरली टेम्पोच्या आडून पुढे झाली. वळणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसली नाही आणि तिला तो. ब्रेकचा किंचाळल्यासारखा आवाज झाला, चाक तिच्या साडीला घासून थांबलं, मोटारसायकलवरचा पोरगा दोन शब्द बोलून निघून गेला. ती कशीबशी ओट्यावर चढली आणि तिथला प्लास्टिकचा खांब दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

आता मागे यावं, तर टेम्पोआडून काय येतंय ते दिसत नव्हतं. पुढे जावं, तर त्या बाजूला गाड्यांची रांग तुटत नव्हती. एखादी जरा हळू व्हायची, तिला वाटायचं आता जावं, आणि तेवढ्यात तिच्या बाजूनं दुसरी सुसाट निघून जायची. दोन्हीकडून वारा लागत होता, गाड्यांचा. तिनं डोळे मिटून घेतले, मग मिटलेल्या डोळ्यांची जास्त भीती वाटली म्हणून उघडले.

धाकटीनं आपल्या खिडकीतून हे पाहिलं. तिनं आधी बहिणीला हाका मारल्या, त्या चौकात कुठल्या ऐकू जायला! मग सुनेला फोन लावला. म्हणाली, "तुझी सासू रस्त्याच्या मधोमध उभी आहे. हलत नाही."

सून ऑफिसातून तशीच निघाली. ती पोचेपर्यंत मुलालाही कुणीतरी सांगितलं होतं. तो धावत बाहेर आला होता. टेम्पो हलवायला ड्रायव्हरला शोधलं, तर तो किल्ली खिशात घालून कुठं चहाला गेला होता. शेवटी मुलगा स्वतःच रस्त्यात उतरला आणि हात आडवे करून गाड्या अडवू लागला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता गदारोळ मांडला. तो आईला ये, ये म्हणून खुणावत होता. ती मान हलवून नाही म्हणत होती.

"अगं आई, थांबवल्यात ना मी गाड्या!"

"तू हात केलास की पहिली थांबते," ती म्हणाली. "तिच्या मागून येणारीचं काय?"

तेवढ्यात सून आली. तिनं हात वगैरे केला नाही. संधी मिळाली तशी ती ओट्यावर चढली आणि सासूशेजारी उभी राहिली. दोघींना मिळून तो ओटा जेमतेम पुरत होता. सुनेनं तो कागदावर आखला तेव्हा तो पुरेसा वाटला होता. आता गाड्या कोपराला लागतील इतक्या जवळून जात होत्या.

"आई, कुठं जायचं? घरी, की मावशींकडे?"

"जिकडे टेम्पो नाही तिकडे," थोरली म्हणाली.

मुलगा ऐकण्याइतका जवळ होता. त्यानं आडवे केलेले हात खाली घेतले.

मागच्या सिग्नलला गाड्या अडल्या, तशी रांगेत फट पडली आणि दोघी पलीकडे पोचल्या. धाकटी दारातच उभी होती. बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, मग चहा झाला. सगळं गोड झालं असं सुनेला वाटलं.

पण संध्याकाळी थोरली परत यायला तयार होईना. मुलगा गाडी घेऊन न्यायला आला. समोरच्या दारातून या दारात यायला त्याला पार पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन, वळसा घालून यावं लागलं होतं. तिनं गाडीत बसायला साफ नकार दिला. "मी चालत आले, चालतच येईन. गाडीतून रस्ता ओलांडायची वेळ आली, तर मग घरातच बसलेलं काय वाईट?" बरं, चालत चल म्हटलं तर पाय रस्त्यावर पडेना. रोज सकाळी ती चपला घालायची, फुटपाथच्या कडेपर्यंत जायची आणि परत फिरायची. असा आठवडा गेला, मग दुसरा.

ज्या बहिणीसाठी वर्षभर जीव तुटत होता, तिच्यासोबत दोन खोल्यांत राहणं वेगळं निघालं. धाकटी रेडिओ मोठ्यानं लावायची. थोरली तिचे डबे स्वतःच्या मनाप्रमाणे लावायची आणि धाकटीला साखर सापडायची नाही. पलंग एकच. दोघी दिवसभर पुटपुटत आणि रात्री पाठीला पाठ लावून झोपत. एकदा धाकटीनं सुनेला फोन केला आणि दबक्या आवाजात विचारलं, तुझा तो रस्ता कधी व्हायचा गं?

रस्त्याचं भवितव्य मात्र टांगणीला लागलं होतं. व्यापाऱ्यांनी वरपर्यंत तक्रार नेली होती. साहेबांनी सुनेला बोलावून सांगितलं की खांब काढायचं ठरतंय. वर असंही कुणीतरी म्हणालं होतं, की बाईंनी सासूसाठी सरकारी रस्ता बांधायला घेतलाय. सुनेला काय करावं सुचेना. भांडावं तर तो आरोप खरा ठरणार, गप्प बसावं तर सासू कायमची तिकडेच राहणार. घरी आल्यावर ती आणि नवरा दोघंच असत. थोरली मध्ये नसल्यामुळे टेबल फार मोठं वाटायचं.

एक गोष्ट तिच्या उशिरा ध्यानात आली. टेम्पो आता कोपऱ्यावर दिसत नव्हता. तो मागच्या गल्लीत उभा राहायचा आणि पेट्या ढकलगाडीवरून वळसा घालून यायच्या. हमाल कुरकुरले तेव्हा नवरा स्वतः गाडी ढकलू लागला होता. याबद्दल तो घरी अवाक्षर बोलला नव्हता. पाठीला मलम लावून मागितलं, तेवढंच.

पुन्हा बैठक झाली. व्यापाऱ्यांनी पुन्हा त्यालाच पुढे केलं. तो उभा राहिला.

"त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "होतो. पण माझी आई पलीकडे अडकून पडली आहे, आणि तिला अडकवणारा टेम्पो माझा होता. खांब काढू नका."

मागून एक जण म्हणाला, की घरची भांडणं घरी मिटवा. दोघे-तिघे उठून गेले. त्यानंतर कित्येक दिवस शेजारचा काचवाला त्याच्याशी बोलला नाही.

साहेबांनी मधला मार्ग काढला. दुकानाच्या बाजूचा कोपरा, त्या बाजूचा उचललेला रस्ता आणि ओटा पक्के करायचे. धाकटीच्या बाजूचं पुढच्या टप्प्यात. सून त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाली, "साहेब, अर्धा रस्ता ओलांडून माणूस जाणार कुठं?" साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, जेवढं पदरात पडतंय तेवढं घे. तिनं घेतलं.

काम संपत आलं तेव्हा धाकटीची मुलगी दुसऱ्या शहरातून आली. आईचे गुडघे, तिचं एकटेपण, दोघी म्हाताऱ्यांची ओढाताण, सगळं तिनं दोन दिवस पाहिलं आणि आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. धाकटीनं फारशी कुरकुर केली नाही. निघताना तिनं साखरेचा डबा थोरलीच्या हातात दिला. म्हणाली, "घे, आता कुठं ठेवायचा तिथं ठेव." गाडी दारातून निघाली आणि दोन खोल्यांना कुलूप लागलं. थोरलीला आता तिथं राहायला जागा नव्हती.

मुलगा आणि सून दोघंही आले होते. पहिला अर्धा रस्ता जुनाच होता, गाड्या तशाच सुसाट. थोरली डबा पोटाशी धरून कडेला उभी राहिली. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून, पण कुणी तिला घाई केली नाही आणि कुणी हात आडवा केला नाही. फार वेळानं फट पडली. ती म्हणाली, "चला," आणि तिघं ओट्यावर आली. पुढचा रस्ता उचललेला होता. वळणारी एक गाडी हळू झाली आणि थांबली. तिच्या शेजारची पण थांबली. आतल्या माणसानं हातानं जा अशी खूण केली. थोरली जागची हलली नाही.

"हे असे थांबले की मलाच घाई होते," ती पुटपुटली. मग गेली.

धाकटीच्या बाजूचा पुढचा टप्पा अजून आलेला नाही. सून दर बैठकीत विषय काढते. थोरली मात्र आता रोज सकाळी जिना उतरते. उचललेल्या रस्त्यावरून ओट्यापर्यंत जाते, पलीकडच्या गाड्या बघत थोडा वेळ उभी राहते आणि परत येते. मुलानं एकदा न राहवून विचारलं, की मावशी तर गेली, आता पलीकडे आहे कोण?

"कोणी नाही रे," ती म्हणाली. "पण जाता यायला हवं."

खाली दुकानात गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं, मुलगा जिना उतरून गेला.