सामचूनचा बाजा

समुद्रातून शंख-शिंपले काढणाऱ्या पाणबुड्या बायकांच्या जुन्या गोदामाचं छप्पर उतरवलं, तेव्हा जाळ्यांच्या ढिगाखाली तो सापडला. चावीचा ग्रामोफोन. काळपट लाकडी पेटी, वर पत्र्याचा मोठा कर्णा आणि कर्ण्याच्या पोटाला रंग फासलेलं ठिगळ. दुपारपर्यंत त्याला तीन मालक फुटले.

पहिली बू चुंजा, म्हणजे तेग्यूची सासू. "माझ्या बापाचा आहे. लहानपणापासून ऐकतेय, सामचूनचा बाजा, सामचूनचा बाजा. आणि आमच्याकडे येणारा-जाणारा माझ्या बापाला सामचूनच म्हणायचा."

दुसरी माल्सुक, पाणबुड्यांची म्होरकी. तिचंही अगदी हेच म्हणणं, फक्त बाप वेगळा. तिसरा बोटीची तिकिटं फाडणारा मान्सक. त्याचाही बाप वेगळा.

आता या बेटावर वयाने मोठं कुणी दिसलं की ते सामचून. सख्खं, चुलत, शेजारचं, बाई, बाप्या, सगळे सामचून. त्यामुळे तिघंही खरं बोलत होते आणि कुणाचंच काही ठरत नव्हतं.

चुंजाला बाजा धक्क्यावरच्या तिच्या नूडल्सच्या दुकानात मांडायचा होता. माल्सुकला पाणबुड्यांच्या नव्या खोलीत. निकाल लागेपर्यंत तो तेग्यूकडे ठेवला, कारण त्याला यंत्रातलं कळायचं. आणि खरं म्हणजे, तो या बेटाचा नव्हता. समुद्रापलीकडच्या देगू शहरातून आला होता. इतर सासवा जावयाला जावईबापू म्हणायच्या. चुंजा म्हणायची, "ए पलीकडच्या." लग्नाला वर्ष होत आलं तरी पलीकडच्याच.

"ए पलीकडच्या," ती म्हणाली, "बाजा माझ्या बापाचा आहे हे शोधून आण. मग बघू तुला काय म्हणायचं ते."

"आई खेळवतेय तुला," हेरान म्हणाली. हेरान त्याची बायको.

"खेळवू दे. पण 'बघू' म्हणाली ना!"

तेग्यू आधी मान्सककडे गेला. "तुमचे वडील काय काम करायचे?"

"वडील? भिंतीच्या आडोशाला बसून चिलीम ओढायचे."

"आणि?"

"आणि विझली की पेटवायचे."

माल्सुकचे वडील पोरं सांभाळायचे आणि पत्ते पिसायचे. त्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, असं ती छाती फुगवून म्हणाली. मग तेग्यू सासूकडे आला. जरा घाबरतच.

"माझा बाप गायचा," चुंजा म्हणाली. "काय गळा होता! ऐकून कुत्री गप्प बसायची."

"आणि कमाई?"

"कमाई कसली? कमाई आई आणायची की! समुद्रात कोण उतरायचं, बाप?"

बोलून ती भांडी घासायला लागली. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तेग्यूच्या मात्र आलं. चिलीमवाला, पत्तेवाला, गाणारा. यातल्या कुणी परगावाहून असली महागडी वस्तू आणली असेल?

दुकानामागच्या आपल्या घरी येऊन त्याने कर्णा पुसायला घेतला. ठिगळावरचा रंग निघाला. खाली पत्रा नव्हताच. पिवळसर, जाड, सालीसारखं काहीतरी, कडेने डिंक लावून चिकटवलेलं.

हेरानने वाकून पाहिलं. "हा भोपळा आहे रे!"

"भोपळा? कर्ण्याला?"

"वाळलेला. थर्माकोल यायच्या आधी आमच्या बायका भोपळ्यावरच तरंगायच्या. आणि त्या भोपळ्याला बाप्याने हात लावायचा नाही. आजोबांनी एकदा नुसता बाजूला ठेवला, तर आजीने तो फोडला आणि नवा केला."

तेग्यूने पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"मग हे ठिगळ लावणारा सामचून..." तेग्यू म्हणाला.

"बाईच," हेरान म्हणाली. "अगं बाई!"

बेटावरची सगळ्यात म्हातारी पाणबुडी म्हणजे बुनी. ती अंगणात लसूण सोलत होती. तेग्यूने कर्णा पुढे धरला. तिने बोटाने ठिगळ चाचपलं आणि दात नसलेलं तोंड उघडून हसली.

"ओकनाम सामचूनचा भोपळा! अजून निघाला नाही?"

मग तिने सगळं सांगितलं. ओकनाम हंगामाला जपानकडच्या बेटांवर बुड्या मारायला जायची. एका हंगामानंतर सगळ्या बायका कापड घेऊन परतल्या, ही डोक्यावर बाजा घेऊन. किनाऱ्यावर दगडांच्या आडोशाला बायका शेकत बसायच्या, तिथे तिने तो मांडला. ओल्या कपड्यांत नाच चालायचा. एकदा लाट आली आणि कर्णा खडकावर आपटला. तिने स्वतःचा भोपळा कापून तिथल्या तिथे ठिगळ लावलं.

"मग त्या दिवशी पाण्यात कशा उतरल्या?"

"नाहीच उतरली. म्हणाली, आज बाजा ऐकू."

"त्यांचं पुढे कुणी?"

"मूलबाळ नव्हतं. तिने सांगून ठेवलं होतं, कार्याच्या जेवणाला ज्याच्या घरी डुक्कर कापतील त्याच्या घरी बाजा. एका लग्नातून पुढच्या लग्नात जायचा. ज्याच्या घरी मुक्काम, त्या घरचं पोर म्हणणार, आमचाच. आता लग्नं शहरात हॉलमध्ये होतात. मग गेला जाळ्यांखाली."

परतताना हेरान म्हणाली, "सांग ना आईला, तुमच्या वडिलांचाच आहे म्हणून. बुनी सामचूनला कोण विचारायला जातंय?"

तेग्यूला मोह झाला. अगदी दुकानाच्या दारापर्यंत होता. आत चुंजा पातेल्यात नूडल्स सोडत होती. भिंतीजवळचं एक टेबल तिने रिकामं करून पुसून ठेवलं होतं. ते पाहून त्याला वाईट वाटलं, आणि त्याच भरात तो सगळं खरं बोलून गेला.

चुंजाच्या हातातला डाव हवेतच राहिला. "ओकनाम सामचून?"

"हो."

"ती मला शंख भाजून द्यायची." तिने डाव पातेल्यावर आडवा ठेवला. "बापाने चावी फिरवलेली मलाही आठवत नाही म्हणा. तो बाजाबरोबर गायचा. बाजाच्या वरताण." मग एकदम, "बघत काय उभा राहिलास, पलीकडच्या? कांदे चीर!"

तेग्यूने कांदे चिरले. डोळ्यांतून पाणी आलं ते कांद्यानेच, असं त्याने हेरानला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल्सुक हातगाडी आणि दोन बायका घेऊन दुकानासमोर हजर. "आण बाजा. माझ्या बापाचा आहे."

चुंजा ओल्या हातांनी बाहेर आली. "कुठला तुझा बाप! तुझा बाप पत्ते पिसायचा. ओकनाम सामचूनचा आहे तो!"

"हे कुणी सांगितलं?"

"आमच्या जावईबापूंनी! भोपळ्यावरून ओळखलं! तुझा जावई सोलमध्ये बसलाय, त्याला भोपळा दाखव, भाजी करून खाईल!"

तेग्यूच्या हातात कर्णा होता. तो पडता पडता राहिला.

मग ठिगळावर सगळ्यांनी हात फिरवून पाहिला. डुकराची गोष्ट निघाली. माल्सुकने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "माझ्या नातीचं लग्न आहे थंडीत."

"हॉलमध्ये!"

"रद्द. अंगणात करू. डुक्कर मी आजच सांगून ठेवते."

चुंजाने ओले हात पुसले. तिच्या घरात लग्नाचं कुणीच शिल्लक नव्हतं. बायकांनी पेटी हातगाडीवर चढवली.

"जावईबापू, कर्णा नीट द्या हो," चुंजा म्हणाली. "तुम्ही स्वतः बरोबर जा. या बायका आपटतील."

गाडी हलली. चुंजाने आधी तेग्यूकडे पाहिलं, मग हेरानकडे, आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोराच्या पहिल्या वाढदिवसालाही डुक्कर कापतात आपल्याकडे!"

हेरान तोंड हातांत लपवून आत पळाली. माल्सुक गाडी थांबवून पोट धरून हसत होती. तेग्यूने कर्ण्यात डोकं घातलं. तिथे ऐकू जरा जास्तच येत होतं.