तिसरी कॉइल

ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं टाकून आग्नेसने गुडघे जमिनीवर टेकले आणि स्टिअरिंगखाली हात घातला. बोटांना आधी वायरींचा गुंता लागला, मग प्लास्टिकची एक कड, आणि मग तो चौकोनी सॉकेट, वरून रुंद, खालून अरुंद. काडेपेटीएवढा स्कॅनर तिने त्यात दाबून बसवला. त्याच्यावरचा बारीक दिवा लुकलुकला.

"लागली का तुझी डबी?" ओट्यावरून तिच्या नवऱ्याने, ऑगस्टीनने विचारलं.

"लागली."

"ती काय गाडी दुरुस्त करणार?"

"दुरुस्त मी करणार. ती फक्त कुठे दुखतंय ते सांगणार."

ऑगस्टीनच्या पुढ्यात वालाच्या शेंगा होत्या. तो त्या न बघता सोलत होता, अंगठ्याने शीर ओढून, दाणे टोपात.

आग्नेसने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरायला लागली आणि समोर इंजिनाचा तो पिवळा दिवा उघडझाप करू लागला. तिने लगेच इंजिन बंद केलं आणि मोबाइल उघडला. पडद्यावर एक कोड आला. खाली त्याचा अर्थ: तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल, सर्किटमध्ये बिघाड. म्हणजे त्या सिलिंडरला ठिणगीच मिळत नव्हती.

तीन आठवड्यांत ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळा ती तशीच थरथरती गाडी घेऊन वळणावरच्या हितेशच्या गॅरेजात गेली होती. हितेश एके काळी शाळेत तिचाच विद्यार्थी. दोन्ही वेळा त्याने बॉनेट उघडलं, कॉइलवरचा निघालेला वायरीचा कनेक्टर बसवला, आपल्या मशीनने दिवा घालवला आणि म्हणाला, "टीचर, टेन्शन नका घेऊ. उंदीर-बिंदीर फिरत असेल आत."

आग्नेसला टेन्शन घ्यायलाच हवं होतं. शुक्रवारी तिला नाशिकला जायचं होतं. मुलगी जोआना तिथे आठव्या महिन्यात अंथरुणाला खिळून होती. डॉक्टरांनी प्रवास तर सोडाच, जिना उतरायलाही मनाई केली होती. जावई रायन जहाजावर, दोन महिने तरी किनाऱ्याला लागणार नव्हता. दवाखाना घरापासून नऊ किलोमीटर. कळा काही रिक्षा मिळायची वेळ बघून येत नाहीत. म्हणून आग्नेसने ठरवलं होतं, नुसतं जायचं नाही, गाडी घेऊन जायचं.

गाडी तशी ऑगस्टीनची. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात तो फिटर होता. दर शनिवारी बॉनेट उघडून तासभर आत डोकं घालायचा आणि बाहेर यायचा तो माणसांत बसल्यापेक्षा खुशीत. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्याच्या नजरेच्या दोन्ही कडा खाऊन टाकल्या. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. एका संध्याकाळी पापडीच्या नाक्यावर एक सायकलवाला त्याला अगदी गाडीच्या दाराशी आल्यावर दिसला. कुणाला काही झालं नाही. पण घरी येऊन त्याने किल्ली खिळ्याला टांगली ती टांगलीच. सात महिन्यांनी आग्नेस, शाळेतून निवृत्त झालेली, साठीला टेकलेली, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन अठरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत उभी राहिली. त्यांच्या सांडोर गावातले लोक हसले. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली तेव्हा आणखी हसले. दुसऱ्या परीक्षेनंतर ती स्वतः गाडी चालवत पेढे वाटायला फिरली.

ऑगस्टीन हसलाही नव्हता आणि शाबासही म्हणाला नव्हता. 'नाशिकला तुम्हीपण चला' असं तिने म्हटलं तेव्हा "वाडीला पाणी कोण सोडणार?" एवढंच तो बोलला. नको जाऊस, असं मात्र एकदाही म्हणाला नाही. तसं म्हणायचा त्याचा स्वभावच नव्हता.

तिने बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं. कनेक्टर निघालेलाच होता. तिने तो दाबला. टक्क. मग जरा थांबून तिने तो ओढून पाहिला, आधी हळू, मग चांगला हिसका देऊन. निघेना. क्लिप दाबून ओढला तेव्हा कुठे सुटला. उंदराने वायर कुरतडली असती. क्लिप दाबून कनेक्टर अलगद बाजूला ठेवणारा उंदीर तिने एकतीस वर्षं विज्ञान शिकवूनही ऐकला नव्हता.

कनेक्टर पुन्हा बसवून ती सीटवर येऊन बसली. कोड पुसण्याआधी तिने मोबाइलवरचं पुढचं पान उघडलं. बिघाड झाला त्या क्षणाची नोंद गाडी स्वतःच ठेवते, हे तिला ठाऊक नव्हतं. वेग शून्य. इंजिनाचं तापमान एकोणतीस अंश, म्हणजे गार. सुरू होऊन अकरा सेकंद.

ती आकड्यांकडे पाहत राहिली. म्हणजे रस्त्यात खड्ड्यात आदळून काही सुटलेलं नव्हतं. काल संध्याकाळी गाडी धडधाकट घरी आली होती. रात्रभर अंगणात उभी होती. आणि सकाळी किल्ली फिरवताच बिघडलेली होती.

"काय म्हणते डबी?" ऑगस्टीनने विचारलं.

"विचार करतेय," आग्नेस म्हणाली.

तिने कोड पुसला, इंजिन सुरू केलं. दिवा गेला होता, थरथर थांबली होती. ती तशीच नाशिकच्या वाटेवरच्या कामणपर्यंत सरावाला जाऊन आली. जाताना-येताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तीनही वेळा आदल्या दिवशी संध्याकाळी तिने घरात सांगितलं होतं, उद्या मी कामणच्या रस्त्याला जाणार.

मंगळवारी जेवताना ती सहज म्हणाली, "उद्या फक्त पापडीला जाऊन येते. मासळी आणते."

"बरं," ऑगस्टीन म्हणाला.

बुधवारी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. दिवा नाही, कोड नाही.

बुधवारी जेवताना तिने सुरमईचा तुकडा त्याच्या ताटात वाढला आणि म्हणाली, "उद्या कामणला शेवटची फेरी. मग परवा नाशिक."

ऑगस्टीनने मान हलवली. काटा काढायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

गुरुवारी सकाळी आग्नेसने किल्ली फिरवली आणि गाडी थरथरली. पिवळा दिवा लुकलुकला. तिने मोबाइल बघितला, मग बंद करून मांडीवर पालथा ठेवला. उंदराला त्यांच्या घरची बोली समजत असेल तर गोष्ट वेगळी.

आधी तिला राग आला. तिकडे पोरगी छताकडे बघत एकेक दिवस मोजतेय, आणि इथे हा माणूस पहाटे उठून, वाडीला पाणी सोडायच्या निमित्ताने, अंधुक डोळ्यांनी चाचपडत... ती तिथेच अडली. चाचपडत. बॉनेटची दांडी त्याने हाताने शोधली असणार. गार पत्र्यावरून बोटं सरकवत एक, दोन, तीन मोजलं असणार. वायर तोडली असती तर काम एका घावात झालं असतं. त्याने ती कधीच तोडली नव्हती. दरवेळी पुन्हा लावता येईल असंच काढलं होतं.

ती गाडीतून उतरली, बॉनेट उघडलं आणि ओट्याकडे गेली.

"जरा येता का? तिसऱ्या कॉइलचा कनेक्टर निघालाय."

"मग लाव. तुला येतं."

"येतं. पण आज तुम्ही लावा."

ऑगस्टीन उठला, भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरला आणि गाडीपुढे येऊन उभा राहिला. तो वाकून शोधायच्या भानगडीत पडला नाही. त्याचा हात सरळ आत गेला आणि थेट तिसऱ्या कॉइलवर थांबला. बराच वेळ तिथेच राहिला. मग टक्क असा आवाज आला.

"घट्ट बसतो हा," तो म्हणाला. हात अजून आतच होता. "आपोआप निघत नाही."

"माहीत आहे मला."

केळीच्या पानांवर कुठेतरी कावळा ओरडत होता. ऑगस्टीनने हात बाहेर काढला आणि लुंगीला पुसला.

"कधी कळलं?"

"सोमवारी शंका आली. आज खात्री झाली."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. छत्तीस वर्षांत तुम्ही माझ्याशी खोटं बोलला नाहीत. या वयात कशाला सुरुवात करायला लावू?"

त्याने तोंड फिरवलं. मग एकदम बोलायला लागला, तिच्याशी नाही, इंजिनाशी बोलावं तसा. "त्या रस्त्याला कंटेनर असतात. गोडाउनमधून बाहेर पडताना बघतसुद्धा नाहीत. मी चालवलंय तिथून. पुढे भिवंडी, मग कसाऱ्याचा घाट. आणि मी इथे. ओट्यावर. शेंगा सोलत." त्याने बॉनेटच्या दांडीला धरलं. "फोन वाजला की कुणाचा असेल, काय असेल..."

आग्नेसने त्याला बोलू दिलं. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "मी उद्या सहाला निघणार. कनेक्टर निघाला तर लावीन. चाक बसलं तर बदलीन, शिकलेय. तुम्ही दाराला कुलूप घातलंत तर खिडकीतून उतरेन. जोआनाला गाडी पाहिजे, गाडी तिच्या दारात जाणार."

"ते दिसतंयच मला."

"मग एवढंच सांगा. उद्या तुम्ही ओट्यावर बसणार की गाडीत?"

ऑगस्टीनने दांडी काढली, बॉनेट वीतभर उंचीवरून सोडलं आणि ते नीट बसलं की नाही हे दोन बोटांनी तपासलं. मग आत निघून गेला. थोड्या वेळाने कुंपणापाशी त्याचा आवाज ऐकू आला. तो शेजारच्या फेलिशियाला सांगत होता, कुठला वाफा आधी भिजवायचा आणि पंप किती वेळ चालवायचा.

शुक्रवारी सहा वाजता आग्नेस दाराला कुलूप लावून वळली तेव्हा तो डाव्या सीटवर बसलेला होता, मांडीवर पिशवी, पट्टा लावलेला. या गाडीत तो त्या बाजूला आजवर कधीच बसला नव्हता. काचेतून बाहेर बघत होता, जणू कुणा पाहुण्याच्या गाडीत बसलाय.

वसई मागे पडली. फाटा ओलांडून कामणच्या रस्त्याला लागल्यावर ट्रक दाटू लागले. एका वळणावर समोरून एक ट्रेलर दुसऱ्याला मागे टाकत थेट त्यांच्या बाजूला आला. ऑगस्टीनचा उजवा पाय खालच्या मॅटवर जोरात दाबला गेला. आग्नेसने केव्हाच वेग कमी करून गाडी डावीकडे घेतली होती. ट्रेलर धूळ उडवत निघून गेला.

"दिसला होता तुला?"

"दिसला होता."

त्याने पाय मागे घेतला. पुढे एक टँकर येत होता, पण लांब होता, स्वतःच्या बाजूने होता, मध्ये भरपूर जागा होती. तरी आग्नेसला डोळ्याच्या कडेने दिसलं, तो पाय पुन्हा मॅटवर गेला आणि हळूच दाबू लागला.

तिनेही ब्रेकवर पाय ठेवला आणि तेवढाच, तितक्याच हळू दाबला. गाडीचा वेग उतरला. टँकर गेला. ऑगस्टीनने श्वास सोडला, पिशवी मांडीवर सारखी केली आणि पहिल्यांदाच सीटला पाठ टेकली.

"ब्रेक चांगले लागतात अजून," तो म्हणाला.

"हो," आग्नेस म्हणाली आणि गिअर बदलला.