डाव्या बाजूचा दोष

चैत्र तापला होता. हरिपूरच्या रस्त्यावरच्या चिंचा पानापानांतून धूळ गाळत होत्या. कृष्णेचं पात्र कृश झालं होतं, कृशाहून कृश, आणि त्या कांतिहीन, क्लांत, कष्टी पाण्यावर ऊन नुसतं पडलं नव्हतं, दबा धरून बसलं होतं. पिवळं ऊन, पांढरं ऊन, डोळ्यांत खुपणारं ऊन. अंगणाअंगणांतून शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि तिचा उग्र, कडवट, हट्टी गंध भर दुपारी घराघरांत शिरत होता.

एका घरात मात्र त्याला वाट नव्हती. त्या घराच्या पुढच्या खोलीच्या खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकल्या होत्या, छताला अंड्यांचे पुठ्ठे डकवले होते, जमिनीवर जाजमावर जाजम चढवलं होतं. पंखा काढून टाकला होता, कारण पंखा कुजबुजतो. त्या तमोमय, वातशून्य, घामेजल्या गुहेत धन्यकुमार मगदूम सुस्वराच्या शोधात बसत असे.

खोलीत खुर्ची एकच. ती जमिनीला स्क्रूने आवळलेली. समोर माणसाच्या उंचीचे दोन काळे स्पीकर, आणि त्या दोघांपासून त्याचे कान सारख्याच अंतरावर, दोरी लावून मोजलेल्या अंतरावर. दुसरं कुणी त्या खोलीत बसायचं म्हणजे जमिनीवर, आणि जमिनीवर बसलं की आवाज अडतो म्हणून तेही नाही. छंदाने माणूस मोकळा होतो असं म्हणतात; या माणसाला छंदाने खिडकीसकट बंद केलं होतं.

आणि एवढा सगळा खटाटोप एका टेपसाठी. एकाच टेपसाठी.

एकोणीसशे एकोणऐंशीचा फाल्गुन, दुपारचा तिसरा प्रहर, हेच घर. त्याची चोवीस वर्षांची बायको कुमुदिनी मुलतानी गात होती. तिचा भाऊ सुकुमार याने नवं स्पूलचं यंत्र आणलं होतं. त्याने दोन माइक मांडले, एक उजवीकडे, एक डावीकडे दाराशी, आणि बहिणीचं गाणं भरून घेतलं. पुढे कुमुदिनीचं गाणं सुटलं. सुकुमार गेला. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या मुलांनी कपाटं आवरताना ती टेप आत्याच्या घरी पाठवून दिली. धन्यकुमार त्याच महिन्यात कारखान्यातून निवृत्त झाला होता, इंजिनिअरचे हात रिकामे होते, आणि तरुण बायकोचा हरवलेला आवाज पेटीत बसून दारात आला होता.

त्याने टेप लावली. तंबोरा उमलला, षड्ज उजळला, आणि त्या उजळत्या षड्जामागे, डाव्या बाजूला, दूर, अगदी दूर, काहीतरी वाजलं. छुळ. छुळछुळ. थांबलं. पुन्हा छुळ.

धन्यकुमारच्या कपाळाला आठी पडली. कुठेतरी काहीतरी सैल आहे, तो म्हणाला.

कुमुदिनी दारात पदराला हात पुसत उभी होती. तिला कळलं होतं. पहिल्या छुळला कळलं होतं. ते तिच्या लेकीचे, पमीचे वाळे होते, चांदीचे, आत मणी असलेले, तिच्या आत्याने बारशाला घातलेले. पमी त्या फाल्गुनात चालायला लागली होती. आई गात होती आणि तेरा महिन्यांची पोर माइकपासून दारापर्यंत आणि दारापासून माइकपर्यंत चालत होती. ज्येष्ठात घटसर्पाने तिचा घास घेतला.

आणि धन्यकुमार तेव्हा मस्कतला होता. नोकरी नवी, करार कडक, साहेब खडूस. तार मिळाली तरी तो चाळीस दिवसांनी आला. पमीला त्याने पाळण्यात पाहिलं होतं, दुपट्यात पाहिलं होतं. चालताना पाहिलं नव्हतं. तिची पावलं त्याने कधी ऐकली नव्हती.

सांगावं, असं कुमुदिनीच्या ओठांपर्यंत आलं होतं. अगदी ओठांपर्यंत. तेवढ्यात हातात स्क्रूड्रायव्हर घेतलेला नवरा मान न वळवता म्हणाला, "कुमुद, दारातनं बाजूला हो. आवाज अडतोय."

ती बाजूला झाली. आणि बाजूला होता होता तिने ठरवलं, याला सांगायचं नाही. जो आला नाही, त्याला का द्यायची?

मग सुरू झालं ते युद्ध. शस्त्राविना, शब्दाविना, शेवटाविना. एका बाजूला तो, त्याची यंत्रं, त्याचा डोळ्यांत तेल घालून चाललेला पाठलाग. दुसऱ्या बाजूला ती, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकून बसलेली, श्वास रोखलेली. त्याला तो आवाज काढायचा होता. तिला तो हवा होता, आणि तिच्यापाशी लेकीचं दुसरं काहीही नव्हतं. फोटो काढायचा राहून गेला होता. दुपटी आणि ते वाळेसुद्धा पुराच्या पाण्यात गेले होते. उरली होती ती ही पावलं, काही मोजकी, एका काळ्या फितीवर.

त्याने टेपयंत्राचं फीत वाचणारं मुंडकं बदललं. आवाज राहिला. वायरी बदलल्या, तांब्याच्या, मग चांदीचा मुलामा दिलेल्या, मग मनगटाएवढ्या जाड. आवाज राहिला. काचेच्या दिव्यांचा अँप्लिफायर आणला. खोलीत निखाऱ्यासारखे चार दिवे पेटले, उकाडा दुप्पट झाला, आणि त्या आरक्त, अनिष्ट, अंगावर येणाऱ्या उजेडात डावा स्पीकर पुन्हा शांतपणे म्हणाला, छुळ.

मग त्याला वाटलं, विजेतच खोट आहे. अंगणात पुरुषभर खड्डा खणून त्याने अर्थिंगसाठी तांब्याची पट्टी पुरली, भोवती मीठ आणि कोळसा भरला, आणि रोज सकाळी त्या खड्ड्याला दोन बादल्या पाणी घालू लागला. शेजारची तिची जास्वंद त्या मिठाने करपली. तिने पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्याच्या ताटात कोशिंबीर वाढायची बंद केली.

टेप लागली की फ्रिज बंद. टेप लागली की मिक्सर बंद, नळ बंद, दाराची घंटा तर कायमचीच उतरवलेली. कुकरची शिट्टी झाली म्हणून तो एकदा अर्धवट शिजलेला भात मागच्या अंगणात ठेवून आला. ती शिंकली की तो खोलीतून भिंतीवर दोनदा ठोकायचा. घर होतं की तुरुंग, असं कुणी विचारलं असतं तर दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं असतं.

पण प्रत्येक दुरुस्तीनंतर, प्रत्येक नव्या पेटीनंतर, ती भिंतीला कान लावायची. काळीज हातात धरून थांबायची. आणि मग यायचं ते, दुरून, दाराकडून, दुडदुडत, डुलत. आहे. अजून आहे. तिचे डोळे भरायचे आणि त्याच वेळी तिच्या ओठांवर एक वाकडं, विजयी, विषारी हसू यायचं, कारण पलीकडे तो डोक्याला हात लावून बसलेला असायचा. त्याची हार आणि तिची लेक, दोन्ही एकाच आवाजात यायची. गोड आणि कडू तिने एकत्र कालवून टाकलं होतं. आता ते वेगळं करणं तिलाही जमलं नसतं.

दर रविवारी विश्रामबागेतून वसंतराव गुळवणी येत. यांनाही हाच नाद, यांचीही एक बंद खोली, आणि मैत्री कसली तर एकमेकांच्या आवाजात खोडी काढण्याची. गुळवणी खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे, आणि डॉक्टर नाडी सोडतो तशी मान सोडायचे. एका रविवारी ते म्हणाले, "मगदूम, बाकी झकास आहे हो. पण डावीकडे घाण आहे तुमच्या."

घाण. भिंतीपलीकडे कुमुदिनीने तो शब्द ऐकला. गुळवणींच्या चहात तिने त्या दिवशी साखरेऐवजी मीठ घातलं. गुळवणी चहा तसाच ठेवून गेले, आणि पुन्हा आले नाहीत.

पण शब्द घरात राहिला. धन्यकुमारच्या कानात तो कुसळासारखा रुतला, दिवसभर सलला, जेवताना सलला. आठव्या दिवशी त्याने टेप टॉवेलात गुंडाळली. ही कुठे निघाली, असं तिने विचारलं. पुण्याला, तो म्हणाला. एक जाणकार आहे, कंप्यूटरवर आवाज धुऊन देतो, नको ते वेचून काढतो. तिचा हात दाराच्या चौकटीवर गेला. ती बोलणार होती. "नका नेऊ," एवढं बोललीही.

"तुला यातलं काय कळतं?" तो म्हणाला.

तिने चौकट सोडली. अकरा वर्षं कुणाच्या बापाला निघाला नाही तो आवाज, तिला वाटलं, आता पुण्याचा कोण तो काढणार? जा, खुशाल जा, आणि हात हलवत परत ये. द्वेषाने तिला धीर दिला, आणि त्या धिरावर विसंबून ती गप्प राहिली.

या छंदाच्या लोकांची एक रीत आहे. दुर्मिळ गाणं ज्याच्याकडे आहे, त्याने त्याची प्रत कुणाला द्यायची नाही. प्रत निघाली की गाणं उष्टं झालं. धन्यकुमार पुण्यात दोन दिवस त्या जाणकाराच्या मानेवर बसून राहिला. गाणं कंप्यूटरवर उतरलं, एकेक छुळ चिमट्याने काढावं तसं काढलं गेलं, आणि धुतलेलं, धवल, निर्लेप गाणं पुन्हा फितीवर भरायची वेळ आली. फीत कोणती? नवी फीत चांगली मिळत नाही, आणि टेपवर नसलेला आवाज हा मेलेला आवाज, अशी त्याची पक्की समजूत. त्याने तीच फीत पुढे केली. जुन्यावरच नवं भरलं. मग जाणकाराच्या यंत्रातलं सगळं त्याने स्वतःच्या डोळ्यांदेखत पुसायला लावलं, कुठे एक तुकडाही मागे राहू नये म्हणून.

तो परतला तेव्हा दुपार होती, ऊन कलतं होतं, मुलतानीचीच वेळ होती. चेहरा उजळलेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला त्या खोलीत बोलावलं, आणि त्या एकुलत्या खुर्चीत बसवलं. स्वतः भिंतीशी उभा राहिला, कुस्ती जिंकून आलेल्या पैलवानासारखा.

तंबोरा उमलला. षड्ज उजळला. आपलाच आवाज तिने ऐकला, चोवीस वर्षांचा, चांदण्यासारखा निवळ, आणि ती डावीकडे कान देऊन थांबली. पहिलं आवर्तन गेलं. इथे ती दारापासून निघायची. काही नाही. दुसरं गेलं. इथे ती वळायची. काही नाही. नितळ, निश्चल, निर्दय नाही. ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती.

"बघ की आता," तो म्हणाला, "एक कण नाही."

"आधीचं कुठाय?"

"हेच ते. याच्यावरच भरलं परत."

"आणि पुण्यात?"

"पुसून घेतलं. माझ्यासमोर."

सरळ आवाजात, भाजी काय करू विचारावं तशा आवाजात, ती म्हणाली, "पमीचे वाळे होते ओ ते."

त्याला कळलं नाही. त्याला कळायला वेळ लागला. म्हणून तिने सगळं सांगितलं, फाल्गुन सांगितला, माइक सांगितला, दार सांगितलं. चालायला लागली होती, म्हणाली. तुम्ही मस्कतला होता. अकरा वर्षं तुम्ही तिलाच ऐकत होता.

धन्यकुमारचा हात भिंतीवरून घसरला. "मग सांगितलं का नाहीस?"

"मला ती तुम्हाला द्यायची नव्हती."

टेप चालूच होती. द्रुत सुरू झाली होती, तान चढत होती, आणि चढता चढता गाणारीचा स्वर एका जागी क्षणभर सुटला, हलला, सुरातल्या सुरात हसला, आणि पुन्हा तानेत गेला. डावीकडे स्वच्छ शांतता होती.

"इथं पडली होती ती," कुमुदिनी म्हणाली. "पडली नि उठली. म्हणून हसले मी."

ती उठली, बाहेर गेली, आणि अंगणातल्या तापल्या पायरीवर, भर उन्हात, हात मांडीवर टाकून बसली. तिने त्याचं जे जे केलं होतं आणि त्याने तिचं जे जे केलं होतं, ते आता सारखंच झालं होतं. तिला त्याचा राग यायला हवा होता. तिला स्वतःचा आला.

आत धन्यकुमारने टेप मागे घेतली. गुडघे टेकून तो डाव्या स्पीकरपाशी बसला, काळ्या कापडाला कान लावला, आवाज वाढवला, आणखी वाढवला. तान चढली. स्वर सुटला. स्वर हलला. निर्मळ, निष्कलंक, निर्दोष शांततेत ती तरुण आई कशाला तरी हसली. कशाला, ते ऐकू आलं नाही. त्याने टेप पुन्हा मागे घेतली.